वाचकांचे प्रश्न : माल विकला, पण त्याच्या कचऱ्याचं काय?

वस्तू बनवणाऱ्याने किंवा आयात करणाऱ्याने ती मोडीत निघाल्यावरचीही जबाबदारी घ्यायची, हे तत्त्व आपल्याकडे ई-कचऱ्याच्या नियमांतून १ मे २०१२ रोजी लागू झालं. पुढे प्लास्टिक वेष्टनं, बॅटऱ्या, टायर, वंगण तेल आणि १ एप्रिल २०२५ पासून आयुष्य संपलेली वाहनंही त्यात आली. सरकारी कागदांत याला ‘विस्तारित उत्पादक उत्तरदायित्व’ म्हणतात, पण बाजारात सगळे ‘ईपीआर’च म्हणतात, म्हणून इथेही तोच शब्द वापरला आहे. या विषयावर आलेल्या पत्रांपैकी सात पत्रांना उत्तरं देत आहोत.

आमचा चौदा वर्षांचा फ्रिज बंद पडला. ग्राहक सेवा केंद्र म्हणतं, ‘नवीन घेतलात तरच जुना नेऊ.’ कायद्याने कंपनीने तो घरून न्यायला नको का?
— गृहिणी, नाशिक

आजच्या नियमांत असा हक्क ग्राहकाला थेट दिलेला नाही आणि ही या नियमांची मोठी उणीव आहे. २०१६च्या ई-कचरा नियमांत माल परत गोळा करण्याची व्यवस्था उत्पादकाने उभी करायची होती. संकलन केंद्रं कुठे, संपर्क कुठे, हे त्याला प्रदूषण नियंत्रण मंडळापुढे मांडावं लागे. १ एप्रिल २०२३पासून लागू झालेल्या २०२२च्या नियमांनी हा रोख बदलला. आता उत्पादकाने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि ठरलेल्या वजनाच्या कचऱ्याचं पुनर्चक्रण (रीसायकलिंग) झाल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत पुनर्चक्रण कारखान्यांकडून विकत घ्यायची.

हिशेब असा चालतो. नियमांनी फ्रिजचं सरासरी आयुष्य १० वर्षं धरलं आहे. कंपनीने २०१५-१६मध्ये १,००० टन वजनाचे फ्रिज विकले असतील, तर २०२५-२६मध्ये तिला त्याच्या ७० टक्के, म्हणजे ७०० टनांचा हिशेब द्यावा लागतो. पहिल्या दोन वर्षांत हे प्रमाण ६० टक्के होतं, २०२७-२८पासून ते ८० टक्के होईल. हे ७०० टन कंपनीच्याच फ्रिजचे असावेत अशी अट नाही, त्यामुळे तुमचा फ्रिज उचलण्याची गरज तिला वाटत नाही.

दुसरी अडचण आहे ती धातूंची. प्रमाणपत्रं सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंड या चार धातूंवर मिळतात. फ्रिजमधला थंडावा देणारा वायू, भिंतीतला फोम, काचेचे कप्पे यांवर काही मिळत नाही. दारावर आलेला भंगारवाला काँप्रेसरची तांब्याची नळी छाटतो, त्या क्षणी वायू हवेत जातो. तुमच्या फ्रिजमध्ये आर-१३४ए असेल, तर एक किलो वायू वातावरण तापवण्यात सुमारे १,४३० किलो कार्बन डायऑक्साइडची बरोबरी करतो. घरगुती फ्रिजमध्ये तो शंभर-सव्वाशे ग्रॅमच असतो, तरी नळी छाटण्यापूर्वी तो टाकीत ओढून घेणं शक्य असतं. आर-६००ए असेल तर तो पेट घेणारा वायू आहे, तिथे गॅस कटर लावणं जिवावर बेतू शकतं.

तेव्हा आधी फ्रिजच्या मागची पट्टी वाचा, वायूचं नाव तिथे छापलेलं असतं. मग कंपनीला फोनऐवजी ई-मेल करा आणि नेमकं विचारा : ‘नाशिकमधून तुमच्या वतीने कोणता नोंदणीकृत पुनर्चक्रक माल उचलतो?’ मिळालेलं नाव केंद्रीय मंडळाच्या पोर्टलवरच्या यादीत आहे का, ते पाहा. माल देताना वजन आणि तारीख असलेली पावती घ्या. दार दोरीने घट्ट बांधा, टाकून दिलेल्या फ्रिजमध्ये खेळताना लहान मुलं कोंडली जातात. काँप्रेसर वेगळा काढून विकू नका, कारण तो काढल्यावर उरलेल्या डब्याला कुणी विचारत नाही आणि तो नदीकाठी जाऊन पडतो.

एक्सचेंजमध्ये देणं गैर नाही. दुरुस्त होऊन फ्रिज पुन्हा वापरात आला तर उत्तमच. अशा वेळी नोंदणीकृत दुरुस्तीकाराच्या प्रमाणपत्राने कंपनीची जबाबदारी संपत नाही, पुढे ढकलली जाते, आणि ढकललेल्या वजनाच्या ७५ टक्केच नंतर मोजलं जातं. दुरुस्तीला दिलेली ही सवलत योग्य आहे.

बेदाणा पॅक करून स्वतःच्या नावाने महाराष्ट्र, कर्नाटक आणि गोव्यात विकतो. उलाढाल ७ कोटी. सल्लागार म्हणतो, ईपीआर नोंदणी केली नाही तर धंदा बंद होईल. खरं आहे का?
— बेदाणा व्यावसायिक, तासगाव

तुम्ही फक्त ब्रँडमालक असाल, म्हणजे पाऊच देशातल्या पुरवठादाराकडून छापून घेत असाल, तर ईपीआरचं लक्ष्य तुम्हाला लागू नाही. प्लास्टिक नियमांतल्या ईपीआरमधून सूक्ष्म आणि लघु ब्रँडमालक वगळले आहेत. १ एप्रिल २०२५पासूनच्या व्याख्येत यंत्रसामग्रीतली गुंतवणूक अडीच कोटींपर्यंत आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर उद्योग सूक्ष्म ठरतो. २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत तो लघु. उद्यम प्रमाणपत्र (सूक्ष्म-लघु उद्योग म्हणून सरकारी नोंदणीचं) अद्ययावत ठेवा आणि पुरवठादाराचा ईपीआर नोंदणी क्रमांक बिलावर छापून घ्या. नोटीस आली तर उत्तर म्हणून हे दोन कागद जोडायचे.

पण पाऊच किंवा डबे परदेशातून थेट मागवले, तर तुम्ही आयातदार ठरता आणि गणित बदलतं. स्वस्त पडतं म्हणून एखादा कंटेनर मागवणारे इथेच अडकतात.

आमची कंपनी मध्यम उद्योगात मोडते. पहिल्यांदाच ईपीआर विवरण भरायचं आहे. वजन नेमकं कोणतं धरायचं? खरेदी विभाग आणि कारखाना यांचे आकडे जुळत नाहीत.
— लेखापाल, छत्रपती संभाजीनगर

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वर्ग ठरवा. कडक डबे, बाटल्या, बरण्या, झाकणं पहिल्या वर्गात. लवचीक वेष्टन, मग ते एका थराचं असो की अनेक थरांचं, पण सगळे थर प्लास्टिकचेच, ते दुसऱ्या वर्गात. ज्यात किमान एक थर प्लास्टिकचा आणि किमान एक प्लास्टिक नसलेला, उदाहरणार्थ ॲल्युमिनियम फॉइलचा किंवा कागदाचा, ते तिसऱ्यात. चौथा वर्ग कंपोस्ट होणाऱ्या प्लास्टिकचा. पॉलिएस्टर आणि पॉलिथिनचं साधं पाऊच दुसऱ्या वर्गात येतं. मध्ये फॉइल आलं की तिसऱ्यात. पुरवठादाराकडून थरांची रचना आणि प्रत्येक थराची जाडी लेखी घ्या, कारण ‘लॅमिनेट’ एवढ्या एका शब्दावर वर्ग ठरत नाही.

मग वजन. ब्रँडमालकासाठी मागच्या दोन आर्थिक वर्षांत विकत घेऊन बाजारात आणलेल्या नव्या प्लास्टिक वेष्टनाची सरासरी, अधिक ग्राहकापर्यंत न पोहोचलेल्या प्लास्टिक कचऱ्याची सरासरी. दुसऱ्या वर्गाचं उदाहरण घेऊ. २०२३-२४मध्ये ४२ टन आणि २०२४-२५मध्ये ४८ टन, सरासरी ४५ टन. यंत्रावर खराब झालेले रोल, कडांच्या पट्ट्या, चुकीची छपाई मिळून सरासरी दीड टन. एकूण ४६.५ टन. २०२३-२४पासून जबाबदारी १०० टक्के असल्याने २०२५-२६चं लक्ष्यही ४६.५ टन. त्यातलं दुसऱ्या वर्गासाठी किमान ४० टक्के, म्हणजे १८.६ टन, पुनर्चक्रणातूनच यायला हवं. उरलेलं रस्तेबांधणी, सिमेंट भट्टी, तेल किंवा ऊर्जानिर्मितीतून (याला अंतिम विल्हेवाट म्हणतात) दाखवता येतं, तेही पुनर्चक्रण शक्य नसलेल्या प्लास्टिकसाठीच. पहिल्या वर्गात त्या वर्षी पुनर्चक्रणाची किमान मर्यादा ६० टक्के आहे आणि ती दर वर्षी दहाने वाढत २०२७-२८मध्ये ८०वर जाते.

आता तुमचे आकडे का जुळत नाहीत? खरेदी विभाग रोलचं वजन धरतो आणि त्यात पुठ्ठ्याचा कोअर, म्हणजे रोलच्या मधली नळी, येतो. कारखाना नग मोजतो आणि नगाला पुरवठादाराने छापलेल्या वजनाने गुणतो, जे प्रत्यक्षापेक्षा थोडं कमी-जास्त असतंच. प्रत्येक मापाची १०० पाऊच मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोला, सरासरी काढा, कोअरचं वजन वेगळं लिहा आणि तो तक्ता सहीनिशी ठेवा. फक्त ग्राहकाच्या हातात जाणारं पाऊच मोजून थांबू नका. खोक्यांवरची श्रिंक, पॅलेटला गुंडाळलेली ताणफिल्म, खोक्याच्या आतली पिशवी हेही वेष्टनच आहे. उलट, एकाच खरेदीचं बिल दोन शाखांनी चढवलं की वजन दुप्पट दिसतं. पोर्टल जीएसटीच्या बिलांवर चालतं, तेव्हा बिलागणिक वर्ग आणि किलो असा एकच तक्ता ठेवा.

तुम्ही एक किंवा दोन राज्यांत विकत असाल तर नोंदणी राज्याच्या मंडळाकडे, त्याहून अधिक राज्यांत असेल तर केंद्रीय मंडळाकडे. अर्ज मात्र एकाच केंद्रीय पोर्टलवर. वार्षिक विवरण पुढच्या वर्षीच्या ३० जूनपर्यंत भरायचं.

प्रमाणपत्र घेताना वर्ग तपासा, पहिल्या वर्गाचं प्रमाणपत्र दुसऱ्याला चालत नाही. आणि उतरंड लक्षात ठेवा : पुनर्वापराचं जादा प्रमाणपत्र पुनर्चक्रणात चालतं, पुनर्चक्रणाचं जादा अंतिम विल्हेवाटीत चालतं, पण भट्टीत जाळल्याचं जादा प्रमाणपत्र पुनर्चक्रणाच्या जागी कधीच चालत नाही. स्वस्त मिळतात म्हणून विल्हेवाटीची प्रमाणपत्रं भरमसाट घेणाऱ्या कंपन्यांची मार्चअखेर तारांबळ उडते.

लक्ष्य हुकलं तर पर्यावरण नुकसानभरपाई भरावी लागते, आणि ती भरून लक्ष्य सुटत नाही. ते तीन वर्षं मागे लागतं. एका वर्षात भरून काढलं तर भरलेल्या रकमेपैकी ७५ टक्के परत मिळतात, दोन वर्षांत ६०, तीन वर्षांत ४०. पुढे काही नाही.

मी भंगार आणि प्लास्टिक गोळा करतो. एक दलाल म्हणतो, ‘माल राहू दे, नुसती बिलं दे, प्रमाणपत्रावर पैसे मिळतील.’ दुसरं, मालाचा दर्जा सुधारला तर खरंच जास्त भाव मिळतो का?
— भंगार व्यावसायिक, मालेगाव

दलालाला नाही म्हणा, आणि आजच म्हणा. प्रमाणपत्र निर्माण करण्याचा अधिकार फक्त नोंदणीकृत प्रक्रियाकाराला आहे, गोळा करणाऱ्याला नाही. मालाशिवाय दिलेलं बिल म्हणजे जीएसटीतला बनाव, आणि त्यावर तुमचा क्रमांक असतो, दलालाचा नव्हे. २०२३मध्ये केंद्रीय मंडळाच्या तपासणीत गुजरात, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या काही प्रक्रियाकारांनी काढलेली सुमारे ६ लाख प्लास्टिक प्रमाणपत्रं बनावट निघाली. हे पकडणं अवघड नसतं. जुन्या प्लास्टिकपासून तासाला २०० किलो दाणे काढणारं यंत्र दिवसाचे चोवीस तास, वर्षाचे ३६५ दिवस चाललं तरी १,७५२ टनांच्या वर जाऊ शकत नाही. त्याहून जास्त दाखवलं की वीजबिल, ई-वे बिल आणि काट्याच्या पावत्या मागवल्या जातात. दाणे बनवायला वीज लागतेच. बिलात वीज दिसली नाही, तर दाणेही बनलेले नसतात.

खोट्या प्रमाणपत्राचं खरं नुकसान तुमच्या धंद्याचं आहे. हवेतलं प्रमाणपत्र स्वस्तात मिळालं की कंपनीला खऱ्या मालाचं प्रमाणपत्र महाग वाटतं, आणि मग खरा कारखाना तुम्हाला भाव देऊ शकत नाही.

दर्जाबद्दल : हो, मिळतो, पण कुठे लक्ष द्यायचं ते कळायला हवं. पाण्याच्या बाटल्यांच्या गासडीत पीव्हीसी येऊ देऊ नका. बाटलीचं प्लास्टिक सुमारे २६० अंशांवर वितळतं, त्या उष्णतेला पीव्हीसी जळून आम्ल सोडतं आणि अख्खा घाणा पिवळा-काळा पडतो. कारखान्याच्या पाण्याच्या टाकीत झाकणं तरंगतात म्हणून सहज वेगळी होतात, पण बाटलीचा तुकडा आणि पीव्हीसी दोन्ही बुडतात. म्हणून ही निवड हातानेच, तुमच्या गाळ्यात व्हायला हवी. काही बाटल्यांना अंगावर घट्ट बसवलेलं लेबल पीव्हीसीचं असतं, ते फाडून टाका. दुधाच्या पिशव्या कापून, धुऊन, सुकवून वेगळ्या ठेवा. ओला माल वजन दाखवतो, पण कारखाना ओलाव्याची कपात ठोकतोच आणि पुढच्या खेपेला सगळ्याच मालाला संशयाने पाहतो. प्रत्येक खेपेची काट्याची पावती, गाडी क्रमांक आणि बिल एकत्र टाचून ठेवा. महाराष्ट्रात राज्यांतर्गत मालासाठी ई-वे बिलाची मर्यादा १ लाख रुपये, राज्याबाहेर ५० हजार.

इन्व्हर्टरची बॅटरी बदलताना दुकानदाराने जुनीचे पैसे वजा केले. ती पुढे कुठे जाते हे कसं कळणार?
— निवृत्त शिक्षक, सातारा

बिलावरून कळतं. बॅटरी कचरा नियम ऑगस्ट २०२२मध्ये आले आणि त्यांनी २००१चे नियम मागे टाकले. विकलेल्या बॅटऱ्यांच्या प्रमाणात जुन्या गोळा करून पुनर्चक्रणाला पाठवायची जबाबदारी उत्पादकाची आहे. दुकानदाराने जुन्या बॅटरीचा अनुक्रमांक आणि वजन बिलात लिहिलं, तर ती बहुधा कंपनीच्या साखळीत जाते. नुसतं ‘जुनी जमा’ लिहिलं तर सांगता येत नाही.

घरगुती वापराची १५० अँपिअर-अवरची ट्युब्युलर बॅटरी आम्लासह ५०-६० किलो भरते आणि त्यात निम्म्याहून अधिक शिसं असतं. शिसं ३२७ अंशांवर वितळतं, म्हणजे साध्या उघड्या भट्टीवरही. म्हणूनच ते गावाबाहेर शेडमध्ये वितळवणं सोपं, आणि म्हणूनच ते भयंकर. आम्ल गटारात, धूर आणि धूळ वस्तीवर. लहान मुलांच्या मेंदूवर शिशाचा परिणाम होतो तो पुन्हा भरून येत नाही. ‘आम्ल काढून आणा, भाव जास्त देतो’ असं म्हणणाऱ्याला बॅटरी अजिबात देऊ नका. बॅटरी उभीच न्या, टर्मिनलवर चिकटपट्टी लावा.

मोबाइल किंवा स्कूटरची लिथियम बॅटरी फुगली असेल तर टोचू नका, दाबू नका, चार्जिंगला लावू नका. कोरड्या वाळूच्या पत्र्याच्या डब्यात ठेवून संकलन केंद्रावर द्या.

इथे जर्मनीत बाटली मशीनमध्ये टाकली की पैसे परत मिळतात. महाराष्ट्रात हे का जमलं नाही?
— अभियंता, श्टुटगार्ट

महाराष्ट्राने प्रयत्न केला होता. मार्च २०१८च्या प्लास्टिकबंदीच्या अधिसूचनेत दुधाच्या पिशवीमागे ५० पैसे परत देण्याची तरतूद होती. पण पिशवी एकदाच परत आली हे ओळखायची खूण तिच्यावर नव्हती, आणि दुकानदाराने दिलेले ५० पैसे त्याला कोण, कधी भरून देणार, याची यंत्रणाही नव्हती. तुमच्याकडे २००३पासून एकदाच वापरायच्या बाटल्या-डब्यांवर २५ सेंट ठेव आहे. मशीन बारकोड वाचतं, बाटली तिथेच चेपतं म्हणून ती दुसऱ्यांदा येऊ शकत नाही, आणि दुकानांमधला हिशेब मध्यवर्ती यंत्रणा मिटवते. शिवाय ४०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या विद्युत उपकरणांच्या दुकानाला २५ सेंटिमीटरपर्यंतचं जुनं उपकरण नवीन खरेदीशिवायही घ्यावं लागतं. नाशिकच्या वाचक बाईंना हवं आहे ते नेमकं हेच : दुकानाच्या दारात मिळणारा हक्क. गोव्याने २०२४मध्ये ठेव-परतावा योजना अधिसूचित केली आहे. महाराष्ट्रानेही पुन्हा हात घालावा, या वेळी आधी खूण आणि हिशेब पक्का करून.

शेतातल्या सौरपंपाची चार पॅनल वादळात फुटली. भंगारवाला चौकटीचे पैसे द्यायला तयार आहे. देऊ का?
— शेतकरी, बीड

चौकट सोडवून देऊ नका. ॲल्युमिनियमची चौकट काढली की उरलेल्या काच आणि सेलच्या थराला भंगारात किंमत नसते, तो बांधावर पडून राहतो. पॅनलच्या वजनात तीन चतुर्थांशाच्या आसपास काच असते, आणि सेल जोडणाऱ्या डाकात बहुधा शिसं असतं, ते पावसाने मातीत उतरू शकतं. २०२२च्या ई-कचरा नियमांनुसार सौर पॅनलच्या उत्पादकाने नोंदणी करून २०३४-३५पर्यंत तयार होणारा पॅनल कचरा स्वतः साठवून ठेवायचा आहे.

आधी पंपाच्या हमीचे आणि विम्याचे कागद काढा, योजनेतून बसवलेल्या पंपांना बहुधा दोन्ही असतात. पॅनलच्या मागच्या पट्टीचे आणि फुटलेल्या भागाचे फोटो घ्या, अनुक्रमांक लिहून ठेवा आणि बसवणाऱ्या कंपनीकडे लेखी तक्रार करा. फुटलेलं पॅनलही उन्हात वीज देतं, म्हणून आधी स्विच बंद करा, ताडपत्रीने झाका, जाड हातमोजे घाला आणि जोडण्या संध्याकाळी सोडवा. नवीन पॅनल घेऊन येणाऱ्या गाडीतच जुनी परत न्यायला सांगा. गाडी रिकामी परत गेली की ती पुन्हा जुन्यासाठी येत नाही.